वाऱ्याचं नाव

या गावात जानेवारीत वारा सुटला
की नगरपालिका चौकात दोर बांधते,
खांबापासून खांबापर्यंत.
म्हाताऱ्यांनी, पोरांनी, दारुड्यांनी,
कुणीही धरावा.
दोर विचारत नाही, आत्तापर्यंत कुठे होतीस.

मी कारखान्यात खेकड्यांच्या नांग्या सोलते.
पाळी आठला सुटते.
पण दक्षिणेच्या या टोकाला उन्हाळ्यात
दहापर्यंत लख्ख उजेड,
म्हणून ब्राउलियोची संध्याकाळ होतच नाही,
वाट बघणं तेवढं होतं.
नऊ मिस्ड कॉल, मग अकरा,
मग नुसतं एक प्रश्नचिन्ह.
"फोटो पाठव. घड्याळासकट."
मी पाठवायची. हातमोजे, भिंत, घड्याळ,
मागे ओतिलिया हसताना.
"ती का हसतेय?"

खरं सांगायचं तर
पहिल्या वर्षी मला ते आवडलं होतं.
माझा बाप जेवताना
समोर कोण बसलंय हे न बघता मीठ मागायचा.
इथे कुणीतरी माझी मिनिटं मोजत होतं.
मोजणं म्हणजेच जपणं, असं मी धरून चालले
आणि चालत राहिले.

त्याचं लहानपण मला पाठ आहे.
तो सहा वर्षांचा असताना आई
सीमेपलीकडे रिओ गायेगोसला गेली, कामाला.
दोन आठवडे म्हणून गेली, सात महिन्यांनी आली.
तोवर तो तिचा स्वेटर उशीत कोंबून झोपायचा.
आणि ती आली, वाकली, हात पसरले,
तेव्हा तो तिला चावला.

हे तो सांगायचा ते नेहमी नंतर,
माझ्या मांडीवर डोकं ठेवून,
गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी
माझ्या गालावर स्वतःच धरून.
मी त्या पोराच्या केसांतून बोटं फिरवायची.
त्या पोराला कसं टाकून जायचं?

मंगळवारी पोर्वेनिरची बोट होती,
बहिणीकडे, दोन दिवसांसाठी.
दारात त्यानं मनगट धरलं.
"जाऊ नकोस," म्हणाला, अगदी हळू.
आवाज आधी आला, वाळकी काटकी मोडावी तसा,
दुखणं मागाहून.
तरी तो धरूनच होता.

दवाखान्यात मी वाऱ्याचं नाव सांगितलं.
दार आपटलं म्हणाले. इथे ते खपतं.
वाऱ्यानं छपरं नेलीत, कोंबड्या नेल्यात,
एकदा अख्खा बसथांबा.
नर्स ओर्तेन्सियानं प्लास्टर भिजवलं,
चार निळे डाग बघितले, हात उलटा केला,
आतल्या बाजूचा पाचवा बघितला.
"वाऱ्याला अंगठा नसतो, पोरी."
एवढंच बोलली,
आणि एक ओळ कोरी ठेवून
फॉर्म माझ्याकडे सरकवला.

उजवा हात प्लास्टरात. डाव्यानं त्याचं नाव लिहिलं.
बराच वेळ लागला.
अक्षर सहा वर्षांच्या मुलाचं वाटत होतं.

त्या मुलाचं मला अजून वाईट वाटतं.
वाटू दे.
पण तो एकोणचाळीस वर्षांचा आहे
आणि त्याच्या हातात ताकद आहे.

बाहेर आले तर चौकात कुणाची टोपी
सामुद्रधुनीकडे पळत होती.
खिशात फोन थरथरतोय. बारा असतील, तेरा.
मला सध्या एकच हात आहे
आणि त्यात दोर आहे.