मारों वाकत नाही

रूबेतली शेवटची मोठी गिरणी बंद झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
बाबा रंगखात्यात.
ते घरी पोचायच्या आधी कालव्याचं पाणी सांगून जायचं
आज कुठला रंग:
सोमवारी गर्द निळं, बुधवारी कधीकधी डाळिंबी.
नखांच्या मुळाशी तो रविवारपर्यंत टिकायचा.

आता गिरणीत सदनिका आहेत.
शेजारच्या शाळेत, खोली क्रमांक बारामध्ये,
मी नव्यानं आलेल्या मुलांना कपडे शिकवते.
आणि रंग.

फळ्यावर आडवी दोरी, चिमट्यांना कागदी कपडे.
ज्याला जो हवा त्यानं तो काढून घ्यायचा, पाच ओळी लिहायच्या:
काय आहे, कुठल्या रंगाचं, कोण घालतं, कधी.
रंग मागून येतो, हे मी दहादा सांगते.
आधी सदरा, मग पांढरा.
आणि सदरा इथे बाई आहे,
तेव्हा पांढऱ्यानंही बाई व्हायचं:
ब्लाँ नव्हे. ब्लाँश.

जेनेबा पेन चावत विचारते,
मादाम, शमीझ पुरुष घालतात, तरी ती बाई.
शमीझिए बायका घालतात, तरी तो पुरुष.
आणि टाय?
क्राव्हात, मी म्हणते. तीही बाई.
इहोर बाकावर डोकं टेकवून हसत सुटतो:
मुख्याध्यापकांच्या गळ्यात रोज एक बाई!
का असं, ते मला माहीत नाही.
असंच आहे, मी म्हणते,
भाषा शिकवणाऱ्यांचं सगळ्यात जुनं उत्तर.

मग अपवाद.
मारों म्हणजे आधी चेस्टनट, ओराँज म्हणजे आधी संत्रं.
रंग ते नंतर झाले.
म्हणून ते कुणापुढे वाकत नाहीत,
तो असो, ती असो, त्या असोत.
लिहून घ्या.

रात्री ओट्यावर वह्या, लाल पेन, गार झालेलं सूप.
सेम्हार लिहिते:
मोजे राखाडी आहेत. मोजे दोन आहेत. मोजे माझे नाहीत.
इहोर लिहितो:
बाबाचं जाकीट हिरवं आहे. त्यानं ते मार्चपासून काढलेलं नाही.
(चूक एकच. हिरव्याची.)
आणि रुस्तम, जो दोन ओळींच्या पुढे कधी जात नाही,
त्याचं अख्खं पान.
आईचा झगा.
रोब मारॉन, तो लिहितो, मारॉन, पुन्हा मारॉन,
सहा वेळा
न वाकणाऱ्या रंगाला त्यानं आईसाठी वाकवलंय.
खाली बारीक अक्षरात:
मादाम, रंग धुऊन धुऊन गेला.
गेलेल्या रंगाला काय म्हणतात?

विटका, असं काहीतरी. देलाव्हे.
मी समासात लिहिते, आणि शेवटी आणखी एक अक्षर जोडते
कारण झगा बाई आहे.
ते अक्षर ऐकू येत नाही.
मोठ्यानं वाचलं तर कुणाला कळणारही नाही.
फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं
की इथे कुणी बाई होती.

मग मारॉन.
जूनमध्ये परीक्षा आहे,
परीक्षक काही त्याच्या आईला ओळखत नाही.
मी सहाही खोडले.
सहाव्याला जरा वेळ लागला.

सकाळी तो वही उघडून उभा राहतो.
मारों वाकत नाही?
नाही.
कुणासाठीच?
कुणासाठीच.
तो पानाकडे बघत राहतो.
मग बरोबर आहे, म्हणतो,
आणि खाली बसून सहा वेळा नीट लिहून काढतो.

तास संपला तेव्हा दोरीवर क्राव्हात तेवढी उरली होती.
सगळे तिला हसले, घेतली कुणीच नाही.
बाबांकडे एक होती.
एकदाच बांधली, गिरणीच्या निरोपाच्या दिवशी,
त्या निळ्या नखांनी गाठ जमेना म्हणून आईनं बांधून दिली.
तिचा रंग मला आठवत नाही.

चिमटा काढते.
काय आहे, कुठल्या रंगाचं, कोण घालतं, कधी.
पाच ओळी.