शंभराला एकदा

डॉक्टर मेरगूबाई म्हणाल्या, बालमणी,
तासाला एकदा उठायचं, चार पावलं चालायचं,
मान इकडं, मान तिकडं.
मी म्हटलं, बाई, आमच्यात तास नसतो,
हजार असतो.

मग ठरलं, शंभर विड्या वळल्या की उठायचं.

पहिल्या शंभराला पाणी.
नळ पाचव्या दिवशी येतो,
तरी एक तांब्या माझ्या नावचा,
झाकून, सुपाशेजारी.
दुसऱ्याला दारात उभी राहते.
समोरच्या पत्र्यावर ऊन नुसतं थरथरतंय.
बोटं उघडायची, मिटायची,
पानं कापून कापून कात्रीसारखीच झालेली बोटं.
तिसरा शंभर कधी कधी विसरते.
चौथ्याला पोरगी ओरडते, अम्मा, ऊठ!
आणि दोनदा साबण लावल्याबिगर
भाकरीच्या पिठाला हात नाही.

नवरा हसायचा.
चाळीस वर्षं दोन मागांच्या मधल्या बोळात
येरझाऱ्या घातलेला माणूस,
त्याला काय चालायला शिकवायचं?
साखर निघाली तीनशे दहा.
आता पहाटे कंबर तलावाला जातो.
पहिल्या दिवशी येऊन पायरीवर बसला, म्हणाला,
तिथं तुटलेला धागा बघायचा नसतो गं,
नुसतं जायचं.
कडक भाकरी चुरली, शेंगाचटणी
निम्मी परत डब्यात टाकली. स्वतःहून.

संध्याकाळी ब्रँचला मोजणी.
नऊशे भरल्या.
मुनीम चष्म्यावरून बघतो,
काय बालमणी, बरं नव्हतं का आज?

बरं होतं की वो.
म्हणून तर.