चौथं

मूळ बाटली आता साडेनऊ हजारांना.
म्हणून बोहरी आळीत, तैयबभाईंच्या काउंटरवर
मी मनगट उताणं ठेवलं.

पहिलं फार गोड, कार्यालयाच्या दारातल्या गुलाबदाणीसारखं.
दुसऱ्यात कस्तुरी होती, पण फूल मेलेलं.
तिसरं कोपराच्या खोबणीत लावून म्हणाले,
"थांबा, अर्ध्या तासानं बोलेल."
अप्पा बळवंत चौक आला तरी ते गप्पच.

कागदाच्या पट्ट्या संपल्या होत्या;
चौथं त्यांनी माझ्या बसच्या तिकिटावर टेकवलं
आणि मी हुंगलंसुद्धा नाही, नाक दमलेलं.

आज शुक्रवार. पर्समध्ये सुटे शोधताना
तेच.
अगदी तेच नाही,
पण मान वळावी इतकं.

तिकिटावर वेळ आहे, स्वारगेट आहे,
भाडंही आहे.
बाटलीचा नंबर
कुणी लिहिलाच नव्हता.