दोन बिड्यांवर तलाव

आमच्याकडे अंतर बिड्यांत मोजायचे.
तलाव दोन बिड्यांवर,
लाखांदूरचा फाटा चार,
सासुरवाडी अख्खा कट्टा,
वाटेत कौतिका रुसली तर दीड.

रात्र कधी मोजली नव्हती.

आज नववा दिवस.
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला होता
आणि माझ्याच बरगड्यांमागे
चुलीवरचं छप्पर दाखवलं होतं.
म्हणाल्या, तीन आठवडे जड जातील, मग सैल पडेल.
काय सैल पडेल, ते विचारायचं राहिलं.

दिवस कसाही निघतो.
धानाच्या गिरणीवर पोती मोजतो,
तलफ आली की लवंग,
लवंग संपली की शिवी.
दुपारी हमाल गोल करून बसतात,
श्रीपत माझ्याकडे पाठ करून पेटवतो.
धूर त्याच्या खांद्यावरून येतोच.
मी तिकडे बघत नाही.
नाक बघतं.

पण रात्री दोन्ही हात जागे असतात.
उजवा खिसा चाचपतो; बनियनला खिसा नाही.
डावा कानामागे जातो,
जिथे तीस वर्षं सुताराच्या पेन्सिलीसारखी
एक बसलेली असायची.
तिथे नुसता कान.

परवा पहाटे जरा डोळा लागला
तर स्वप्नात ओढली.
अख्खी. दोऱ्यापर्यंत.
दचकून उठलो, तळहातावर फुंकून
स्वतःच्याच तोंडाचा वास घेतला.
कौतिकाला विचारलं, ही मोजायची का?
"स्वप्नातली छाट," ती म्हणाली, "मुनीम नाई घेत."

हे सांगायचं राहिलंच:
तिच्या मांडीवर सूप असतं.
हजारामागे जे मिळतं त्यात तेल-मीठ,
पोरीची नर्सिंगची फी,
माझ्या त्या फोटोचे पैसेही त्यातलेच.
कोपऱ्यात पानांचं ओलं पोतं, डब्यात जर्दा,
आणि मी त्या वासात पडून शपथ पाळतो,
हलवायाच्या घरी एकादशी धरावी तसा.

काल रात्री तीन वाजता
मी सुपापाशी उभा होतो.
कसा आलो, आठवत नाही.
बोटांत एक होती. आगपेटी नव्हती, एवढंच.
दिवा लागला.
ती ओरडली नाही.
माझ्या बोटांतली काढून घेतली,
चोवीसच्या कट्ट्यात खोचून पंचवीस केल्या,
मग पोतं ओढलं, कैची पुढे सरकवली, पत्र्याचा फर्मा दिला.
"झोप येत नसन तं पानं कापा.
उगाच कूस बदलून खाट मोडान."

ओल्या पानात कैची चालते तेव्हा
चर्र असा बारीक आवाज होतो,
पहिल्या झुरक्याला होतो तसाच,
फक्त काही जळत नाही.
शीर बाजूला, चौकोन वर.
शीर बाजूला.
हात जरा गप्प झाले.

मग मनात आलं, हे कुणासाठी?
कुठल्या तरी गावात कुणी तरी
माझं पान ओठांत धरून तलावापर्यंत जाईल.
कौतिकाकडे पाहिलं.
तिच्याही मनात आलं असेल हे,
इतकी वर्षं माझा खोकला ऐकताना.
तिने दोरा दातांनी तोडला.

पाचला तिने एक पान गुंडाळलं,
आत जर्द्याऐवजी ओवा भरला,
तोंड मुडपून बांधलं, नेहमीइतकंच घट्ट,
आणि माझ्या कानामागे खोचलं.

तलावाकडे निघालो.
सिंगाड्याचे वेल काठाला लागले होते.
पोचल्यावर लक्षात आलं, मोजलंच नाही.
पाळीवर जरा टेकलो.

ऊन गुडघ्यांपर्यंत चढलं होतं
आणि जाळंवाला एक पोरगा वाकून विचारत होता,
"काका, मेलात का जी?"

"नाई रे," म्हटलं, "झोपलो होतो."
तो गेला तरी पुन्हा एकदा म्हटलं,
मोठ्याने.