निरंक

चौतीस वर्षं मी पाणी मोजलं.
सकाळी आठला तलावाच्या पाळीवर,
मोजपट्टीपाशी वाकून,
पर्जन्यमापकातली नळी डोळ्यासमोर सरळ धरून.
पाऊस नसला तरी रकाना रिकामा ठेवायचा नाही,
कापगते साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
रिकामा म्हणजे तू आलाच नव्हतास.
आलास आणि काही नव्हतं, तर लिही, निरंक.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पोळ्याला
डाव्या कानात काहीतरी लागलं.
बारीक, सरळ, जरासुद्धा न थरथरणारं.
धानगिरणीचा पट्टा तुटायच्या आधी वाजतो तसं,
पण सणाची गिरणी तर बंद होती.
तिसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी,
निकोबारजवळ भूकंप.

वही काढली, रकाने आखले.
तारीख, वेळ, कुठला कान, किती सेकंद, वाऱ्याची दिशा
(सवयीनं)
आणि सूर.
सुरासाठी भजन मंडळाची पेटी रात्री घरी आणायचो,
एका हातानं भाता, दुसऱ्यानं एकेक पट्टी,
आतलं आणि बाहेरचं जुळेपर्यंत.
बहुतेक वेळा काळी चार.
उजवा वाजला तर पांढरी सहा.
एकदाच दोन्ही वाजले. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पवनीच्या डॉक्टरनं कानात बॅटरी मारली, म्हणाला, वय.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वय.

शेजारची त्रिवेणी मोबाईलवर जगाची यादी वाचायची,
मी वहीवर बोट सरकवायचो.
हिंदुकुश, जुळलं.
मेक्सिको, जुळलं.
एकदा ती म्हणाली,
"आबाजी, कान वाजला नाई त्या दिवसाचं पाहू का?"
पाहिलं.
त्या दिवशीही कुठेतरी हललंच होतं.
रोजच हलते म्हणे.
पेन्सिल खाली ठेवली मी.
दोन दिवस ठेवली.
मग नवा रकाना आखला: वाजलं नाही, तरी हललं.
तोच सगळ्यात लवकर भरला.

माघातल्या एका पहाटे
फडताळातली भांडी एकमेकांना लागली,
खिळ्यावरची चाळणी डोलली,
झालं, एवढंच.
पण गाव घोंगड्या घेऊन लाखोरीच्या शेतात उभं,
आणि मग तसंच माझ्या अंगणात.
दोन वर्षं मला कानफुक्या म्हणणारा बन्सोड कोतवाल
हळूच विचारत होता,
"कका, तुमाले समजलं असन न आधी?"
सगळ्यांचे चेहरे असे,
की मी हो म्हटलं असतं तर
त्यांना झोप आली असती.

वही उघडली. बॅटरी धरली त्रिवेणीनं.
काल निरंक.
परवा निरंक.
मागचे अकरा दिवस, निरंक.
सगळं पेन्सिलनं लिहिलेलं,
खोडरबर खिशात.
मी वही सगळ्यांकडे फिरवली.
एकेक करून गेले ते, कुणी हसलंही नाही.

सायत्रा चुलीपाशी बसली होती, काटक्या मोडत.
म्हणाली, "माह्या कानात त रातभर वाजत होतं."
मी पाहिलं.
"रोजच वाजते. न्हानीच्या वेळपासून.
तुमी इचारलं कवा?"

चौतीस वर्षं पाणी,
दोन वर्षं कान,
आणि हा रकाना मी आखलाच नव्हता.

पेटी ओढली. भाता हलवला.
काळी चार?
मान हलली, नाही.
पांढरी सहा?
तिनं माझं बोट बाजूला केलं
आणि दोन पट्ट्यांमधल्या फटीवर नख टेकवलं.
"इथं."

तिथं सूर नसतो, मी म्हणालो.

"मंग निरंक लिवा,"
ती म्हणाली, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.

बाहेर उजाडत होतं.
आठ वाजायला अजून वेळ होता.