पंधरा अक्षरं

हालिना शेपेल पेन ड्राइव्ह घेऊन आली
तेव्हा सुवाउकीत बर्फ वितळायला लागलं होतं.
बुटांचा चिखल दारातच झटकत म्हणाली,
वडिलांच्या मधाचं लेबल आहे यात,
फक्त एक शब्द बदलायचा.

फक्त.

नुसती बघायला उघडली तेव्हा
पीडीएफ शहाण्यासारखी बसली होती.
डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये ओढली
आणि भर झोपेतून उठवल्यासारखं सगळं विस्कटलं.
शब्द नाहीतच, सुटी अक्षरं,
ज्याची त्याची चौकट, ज्याचा त्याचा हट्ट;
ओळ धरून ओढावी तर एकटा पी हातात येतो.
वर पाटी: फॉन्ट सापडला नाही. बदली चालेल?

चालेल म्हटलं, एकदाच, बघू तरी म्हणून.
म्यूद म्हणजे मध. त्यातल्या तिरक्या रेघेच्या ओजागी
रिकामा चौकोन.
ध चा मा होतो तिथे निदान मा तरी उरतो.

मागे घेतलं.

अक्षरं कुणाची, मी विचारलं.
झेनॉनची, म्हणाली. डाकघरामागे राहायचा.
आधी कागदावर काढायचा, मग संगणकात घालायचा.
वारला त्याला हे चौथं वर्ष.
संगणक पुतण्यानं नेला, गेम खेळायला,
आधी सगळं पुसून.

म्हणजे झेनॉनचा फॉन्ट आता
या एका फाइलीत, तोही अर्धामुर्धा.
पीडीएफ कंजूष असते.
वाटेत लागतील तेवढीच अक्षरं बांधून घेते,
पाहुण्यासाठी एकही जास्त नाही.
म्यूद लिपोवी, लिंडेनचा मध:
एम, आय, रेघेचा ओ, डी, एल, पी,
बिनरेघेचा ओ, डब्ल्यू, वाय.
नऊ.

लिंडेनची झाडं रस्ता रुंद करताना गेली.
मधमाश्या आता कुट्टूच्या शेतात जातात;
मध काळा झालाय, घशाला धरणारा,
आणि त्याला म्हणतात ग्रिचानी.
जी नाही, आर नाही, सी, झेड, ए, एन नाही.
वाय तेवढा आहे.

दोन दिवस मिळताजुळता फॉन्ट शोधला.
लग्नात चुलतभाऊ लांबून सारखे दिसतात
तसे पुष्कळ निघाले.
पण झेनॉनच्या ओचं पोट डावीकडे किंचित सुटलेलं,
ते कुणाचंच नव्हतं.

मग अक्षरांचं अक्षरपण सोडवलं,
नुसत्या कडा ठेवल्या,
आणि उरल्या कापडाकडे शिंपी बघतो
तशी बघत बसले.
डीची मान उतरवली, ए झाला.
ओला उजवीकडे खिडकी पाडली: सी.
दुसऱ्या ओला वायची शेपटी जोडली, जी मिळाला.
पीच्या खांद्यातून आर,
तोच खांदा खाली जमिनीला टेकवला तर एन.
झेड कशातच नव्हता.
चहा गार झाला, समोरची बेकरी बंद झाली.
शेवटी डब्ल्यू कुशीवर निजवला,
एक पाय कापला.
उभा राहिला. जरा लंगडत, पण राहिला.

हालिनानं छापलेला कागद काचेजवळ नेला,
चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिला.
मला वाटलं, झेड पकडणार.
ती म्हणाली, किंमत जरा मोठी कर,
म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना दिसत नाही.
पैसे मोजले, एक बरणी ठेवली,
आणि दारातून वळून:
पुढच्या वर्षी रासबेरीचाही काढू म्हणतोय.

कडा केलेली फाइल छापखान्याला पाठवली;
तिच्यात आता काही टाइप होत नाही,
बदलीही होत नाही.
दुसरी प्रत ठेवली, पंधरा अक्षरांची,
नाव दिलं: झेनॉन.

बसथांब्यावर हातमोज्यातल्या बोटांवर मोजत होते,
मालिनोवी:
ए आहे, एल आहे, आय, एन, ओ,
डब्ल्यू, वाय.
छोटा एम तेवढा नाही.
दोन एन खेटून उभे केले,
मधला एक पाय दोघांत वाटून दिला
तर