एक बुट्टी तूस

खानापुरात, वीटभट्टीमागच्या पत्र्याखाली
दर रविवारी नीलव्वा चूल शिकवते.
फी : एक बुट्टी भाताचं तूस
आणि ज्याचा त्याचा चहा.

कायतान असोग्याहून सायकल मारत येतो.
परशराम गुरव वाकत नाही, नुसतं तूस चाळतो.
मी बँकेतून निवृत्त;
माझे तळवे बघून सगळे हसले होते.

नीलव्वाला मराठी येतं,
पण माती मळताना ती कानडीच बोलते.
“साकु,” म्हणाली,
आणि मी आणखी तांब्याभर ओतलं.
साकु म्हणजे पुरे,
चाळीस वर्षं इथं राहून ठाऊक होतं.
हातांना ठाऊक नव्हतं.

पहिली चूल वाळताना तडकली.
दुसरी धूर माझ्याच तोंडावर सोडायची.
नीलव्वानं दोन्ही फोडल्या, भिजत घातल्या.
“घे, पुढच्या खेपेची माती झाली.
तूस मात्र नवं आण.”

तिसरी आता कायतानच्या बहिणीकडं पेटते.
काल बघायला गेलो.
धूर नळकांड्यातून सरळ वर,
सरपण निम्मं,
पातेल्यात दूध चढत आलेलं.

“साकु,” मी जाळाला म्हणालो.
त्याला कानडी येत नसावं.
उतू गेलं की.